कोपऱ्यावरचे परत आले

"ताई, जाताना गाडी तो चालवत होता की हो. येताना ती कशी काय?"

सांगलीच्या वहिनींच्या नजरेतून काही सुटत नाही. मुलाचं बाळ सांभाळायला म्हणून त्या मे महिन्यात इथे आल्या, मेलबर्नच्या पश्चिम भागातल्या आमच्या गल्लीत. आता ऑक्टोबर चालू आहे आणि कोणाच्या घरी कधी पाहुणे येतात, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. मला इथे इतकी वर्षं होऊन समोरच्या घरात दोन मांजरं आहेत हे त्यांच्याकडून कळलं. आमच्या दोघींमधलं कुंपण लाकडी, सहा फुटी. त्या त्यांच्या बाजूला उपड्या बादलीवर चढतात, मी माझ्या बाजूला दुधाच्या क्रेटवर. कढीपत्त्याचं झाड माझ्याकडे आहे, तेव्हा बादलीवर चढायला त्यांना कारण रोजचंच.

"सांगते, पण मोठी गोष्ट आहे. गॅस बंद आहे ना?"

"बंद आहे. बाळ झोपलंय, हे मोबाइलवर बातम्या लावून बसलेत. तुम्ही बोला."

कोपऱ्यावरचे म्हणजे ते निवृत्त जोडपं. तो ट्रामचा ड्रायव्हर होता, ती शाळेच्या ग्रंथालयात. दोघंही सत्तरीला टेकलेली. वहिनी आल्या त्याच आठवड्यात ह्यांनी गाडीमागे कॅम्पर ट्रेलर जोडला, आमच्या घराची बेल वाजवून पत्रपेटीची किल्ली माझ्याकडे दिली आणि निघाले. इथे अशी माणसं हजारोंनी आहेत, 'ग्रे नोमॅड' म्हणतात त्यांना. दक्षिणेत थंडी पडायला लागली की घराला कुलूप लावायचं आणि ऊन शोधत उत्तरेकडे जायचं. अख्ख्या देशाला वळसा घालणारा हायवे क्रमांक एक साधारण साडेचौदा हजार किलोमीटरचा आहे. तो पुरा केला की मग माणूस चारचौघांत 'बिग लॅप' केला म्हणून सांगायला मोकळा. ह्यांनी अर्धाच केला. नल्लारबोरच्या माळावरून पर्थ, किनाऱ्याने वर ब्रूम, तिथून कॅथरीन, मग देशाच्या मधोमध खाली ॲलिस स्प्रिंग्ज आणि घर.

"अर्धी प्रदक्षिणा? शंकराला घातली वाटतं."

वहिनींचं असं आहे. मी हसून क्रेटवरून पडायची राहिले.

काल संध्याकाळी साठलेली पत्रं द्यायला गेले तेव्हा ती अंगणात कॅनव्हास वाळवत होती. शेवटच्या मुक्कामाला पाऊस लागला आणि ओलाच तंबू घडी करावा लागला. ओला कॅनव्हास दोन दिवस तसाच राहिला तर बुरशी धरते, मग तो वास जन्मात जात नाही. तिने मला चहा दिला आणि एकीकडे ट्रेलर उघडूनच दाखवला. लोकांना कॅरॅव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर एकच वाटतं, तसं नाही. कॅरॅव्हॅनला भिंती असतात, दार असतं, आत उभं राहता येतं. हा ट्रेलर बंद असताना कमरेएवढा लोखंडी खोका. झाकण उलटं केलं की त्यातून तंबू उभा राहतो, आत गादी. आणि मागच्या बाजूला एक हँडल ओढलं की अख्खं स्वयंपाकघर सरकत बाहेर येतं: दोन शेगड्या, बोटभर खोलीचं सिंक, मसाल्याच्या बाटल्यांना खाचा. वर आभाळ.

"म्हणजे स्वयंपाक उघड्यावर?"

"उघड्यावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे."

आता भांडणं. पहिलं भांडण सामानावरून. ट्रेलरमध्ये वजन कसं ठेवायचं ह्याला नियम आहे: एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे, गाडीच्या टो बॉलवर यायला हवा. मागे जड झालं की ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतो. ती शेतकऱ्याची मुलगी, माहेर व्हिक्टोरियाच्या वायव्येला, मॅलीच्या गहू पिकवणाऱ्या पट्ट्यातलं. गाडीला काहीतरी जोडलेलं असणं हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. तिने सांगितलं की पाण्याचे कॅन पुढे ठेव. त्याने ठेवले मागे, कारण मागे जागा होती. वर हत्यारांची पेटी आणि डब्यांतल्या भाज्यांचा सहा महिन्यांचा साठा, तोही मागेच.

"पुरुषांना जागा दिसली की भरायची असते," वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी येताना बॅगेत भडंगाची सात पाकिटं भरली. माझी औषधं पर्समध्ये."

पोर्ट ऑगस्टा सोडल्यावर समोरून रोड ट्रेन आली. रोड ट्रेन म्हणजे एका ट्रकमागे दोन-तीन ट्रेलर. उत्तरेकडे तर साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांब असतात. ती शेजारून गेली तो वाऱ्याचा धक्का बसला आणि ह्यांचा ट्रेलर डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्याने घाबरून ब्रेकवर पाय ठेवला. तिने बाजूच्या सीटवरून हात लांब केला आणि डॅशबोर्डवरचं एक बटण दाबून धरलं. ते बटण फक्त ट्रेलरचे ब्रेक लावतं, गाडीचे नाही. मागून ओढ बसली की ट्रेलर आपोआप रेषेत येतो. उलट गाडीचा ब्रेक दाबला की मागचं वजन आणखी ढकलतं. पुढच्या थांब्यावर दोघांनी एक शब्द न बोलता सगळं सामान काढलं आणि कॅन पुढे आले.

"एक शब्द न बोलता," वहिनी समाधानाने म्हणाल्या. त्या शांततेचं वजन त्यांना बरोबर कळलं.

मग नल्लारबोर. हे मात्र मी तिला दोनदा सांगायला लावलं. एअर हायवे पोर्ट ऑगस्टापासून नॉर्समनपर्यंत जातो, साडेसोळाशे किलोमीटरच्या वर. खाली चुनखडीचा माळ, झाड म्हणून औषधालाही नाही असे लांबच लांब पट्टे, आणि डावीकडे कुठेतरी जमीन एकदम तुटून खाली समुद्र. जूनमध्ये त्या कड्यावरून देवमासे दिसतात. पिल्लं घालायला अंटार्क्टिकाकडून वर येतात आणि किनाऱ्याजवळ अशा संथ पडून असतात की ती दोन तास तिथून हलली नाही. मधे कायगुना ते बॅलाडोनिया एक पट्टा आहे, १४६.६ किलोमीटर, त्यात एकही वळण नाही.

"एकही नाही?"

"सांगलीहून निघा, साताऱ्याच्या पुढे जा, स्टिअरिंग हलवायचं नाही."

"आणि खंबाटकी?"

"खंबाटकी त्याच्याही पुढे."

त्या बाजूला एक गोल्फचं मैदान आहे, त्याचे अठरा होल सेडुनापासून कॅलगुर्लीपर्यंत १३६५ किलोमीटरवर पसरलेत. एक होल खेळायचा, गाडीत बसायचं, पुढच्या गावाला दुसरा. तो खेळला म्हणे. ती गाडीत पुस्तक वाचत बसली. मला विचाराल तर ह्या गोल्फमध्ये पेट्रोलपंपवाल्यांचा फायदा जास्त दिसतो.

आणि राज्याची हद्द. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात शिरताना नाक्यावर गाडी थांबवून फळं, भाज्या, मध सगळं काढून घेतात. शेतीला बाहेरचा रोग, किडे लागू नयेत म्हणून. जाणत्या लोकांना हे माहीत असतं, ते आदल्या मुक्कामाला उरलंसुरलं शिजवून टाकतात. बटाटा, भोपळा, गाजर, कांदे, एका पातेल्यात. अवेळी केलेली भोगीची भाजीच ती. शेजारच्या तंबूंतही त्या रात्री तेच शिजत होतं आणि सगळे एकमेकांना वाढत होते. मध मात्र राहून गेला. नाक्यावरच्या बाईने बाटली घेतली आणि गोड हसून डब्यात टाकली.

"अख्खी बाटली?" वहिनींना देवमाशांपेक्षा हे लागलं.

तिथेच आणखी एक गंमत. युक्लाच्या आसपास ज्या मोजक्या वस्त्या आहेत त्यांनी स्वतःची वेळ ठरवून घेतली आहे. पूर्वेच्या राज्यापेक्षा पाऊण तास मागे आणि पश्चिमेपेक्षा पाऊण तास पुढे. सरकारदरबारी तिला मान्यता नाही, पण रस्त्यावर पाटी आहे आणि सगळे त्याप्रमाणे चालतात.

"मग बीपीची गोळी कधी घ्यायची?"

हाच प्रश्न त्या दोघांनाही पडला होता. तिने सांगितलं, गोळी मेलबर्नच्या वेळेने आणि जेवण सूर्याच्या. आणि वहिनींनी लगेच पुढचा विचारला, जो आपल्याकडच्या कोणीही विचारला असता: एवढ्या माळावर काही झालं तर? तर डॉक्टर विमानाने येतो. फ्लाइंग डॉक्टर सेवा इथे १९२८ पासून आहे. एअर हायवेवर मधे मधे डांबरावर पांढरे पट्टे मारलेत, ती त्या विमानांची धावपट्टी. म्हणजे वाहतूक थांबवतात आणि विमान सरळ हमरस्त्यावर उतरतं. वहिनी थोडा वेळ गप्प झाल्या. बहुतेक सांगली-मिरज रस्त्यावर विमान उतरवून बघत असाव्यात.

"आणि वहिनी, बॅलाडोनियाच्या ढाब्यात काय ठेवलंय माहितीय? स्कायलॅबचा तुकडा."

"कसला?"

"स्कायलॅब! १९७९."

"अगं बाई!" बादली हलली. "ते तिकडं पडलं होय?"

तिकडेच पडलं, अमेरिकेचं ते अवकाशस्थानक. जुलैच्या रात्री जळत आलं आणि एस्परन्सपासून आतल्या माळापर्यंत तुकडे विखुरले. कोणाला लागलं नाही. एस्परन्सच्या नगर परिषदेने 'नासा'ला उघड्यावर कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलरचा दंड केला. नासाने तो कधी भरलाच नाही. शेवटी २००९ साली अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. पण हे सगळं वहिनींना ऐकूच आलं नाही. त्या सांगलीला पोचल्या होत्या.

"मी कॉलेजात होते हो. नुसती घबराट. शेजारच्या काकांनी कोंबड्या कापल्या, म्हणाले मरायचंच तर खाऊन मरू. आणि आमच्या गल्लीतल्या एकाने उसने पैसे द्यायचे थांबवले. वडील मागायला गेले तर म्हणतो, स्कायलॅब पडू दे, मग बघू. पडलं, तरी नाही दिले."

"अजून?"

"तो गेला आता. दीडशे रुपये."

मी म्हटलं, तुमचे दीडशे आणि एस्परन्सचे चारशे डॉलर, दोन्ही हिशेब एकाच वेळेचे. त्या म्हणाल्या, त्यांचे निदान शेवटी कोणीतरी भरले.

बाळ रडल्याचा आवाज आला. वहिनी उतरल्या, जाऊन आल्या, बाळाला काखेत घेऊनच पुन्हा चढल्या. "ते गाडीचं सांगायचं राहिलं."

गाडीचं एस्परन्सला घडलं. तिथल्या कॅरॅव्हॅन पार्कमध्ये संध्याकाळी चारच्या सुमाराला पोचले. चारला थांबायचंच असतं, कारण दिवस मावळताना कांगारू रस्त्यावर येतात आणि त्या वेळी गाडी चालवणं म्हणजे धोका. त्यामुळे चार वाजता सगळे पोचलेले, सगळ्यांच्या खुर्च्या बाहेर, हातात ग्लास, आणि नवीन येणाऱ्याने ट्रेलर जागेत मागे घेताना बघणं ही रोजची करमणूक. ह्यावरून म्हणे इथे घटस्फोट होतात.

ट्रेलर मागे घेणं ही खरंच विद्या आहे. शेपूट डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि तेही जरासं. वळायला लागला की लगेच उलटं. जरा उशीर झाला की ट्रेलर गाडीशी काटकोन करून अडकतो. त्यात कॅम्पर ट्रेलर आखूड, तो तर आणखी पटकन वळतो. आणि आपले गृहस्थ आयुष्यभर ट्राम चालवलेले! मेलबर्नच्या ट्रामला दोन्हीकडे तोंड असतं. शेवटचा थांबा आला की ड्रायव्हर आपली पिशवी उचलतो, डब्यातून चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथे बसतो. मागे जाणं हा विषयच नाही.

ती मागे उभी राहून हात करत होती. त्याला आरशात ती दिसत नव्हती. दिसली तेव्हा तिचा डावा हात त्याचा उजवा झाला होता. पहिल्यांदा काटकोन. दुसऱ्यांदा शेजारच्याच्या खुर्चीपर्यंत. शेजारी ग्लास हातात घेऊन शांतपणे बाजूला झाला, त्याला सवय असावी. तिसऱ्यांदा जागेवरच्या नळाचा खांब. पाणी उडालं दहा फूट. पार्कमधले सगळे उभे राहिले.

ती दाराशी आली, म्हणाली, "उतर."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. तो उतरला. ती बसली. स्टिअरिंगला खालच्या बाजूने धरलं. तिच्या वडिलांनी शिकवलेली युक्ती ती: हात खाली ठेवला की ज्या बाजूला हात न्याल त्या बाजूला ट्रेलर जातो, उलटसुलट डोकं चालवायला नको. एका झटक्यात आत. टाळ्या झाल्या."

"आणि तो?"

"तो भिजलेला. नळ बंद करत होता."

मी तिला विचारलं की तुला येत होतं तर आधी का नाही बसलीस. ती म्हणाली, त्याने विचारलं नाही. एवढंच. त्यानंतर घरापर्यंत गाडी तिच्याकडे.

वहिनींनी बाळ एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं. मला वाटलं त्या गाडीबद्दल काही म्हणतील. त्या म्हणाल्या, "मग स्वयंपाक कोणी केला?"

आता बघा, ही खरी विचारणारी. मी हा प्रश्न काल विचारलाच नव्हता, तिनेच आपणहून सांगितलं. पहिले काही दिवस तीच करायची, घरात करायची तसंच. पण गाडी ती चालवायला लागली, आणि ते स्वयंपाकघर बाहेर. दिवसभर गाडी हाकून आलेली बाई कांदा चिरतेय आणि नवरा खुर्चीत बसलाय, हे पन्नास लोकांना दिसतं. घरात कोणाला दिसतं? एस्परन्सनंतर दुसऱ्या की तिसऱ्या मुक्कामाला तो उठला, म्हणाला, दे इकडे. भिंत नाही म्हणून उठला, प्रेमाने नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ती मात्र म्हणते दोन्ही असेल. तिची मर्जी.

जूनच्या शेवटी मला त्याचा मेसेज आला होता, तो मी तेव्हा वहिनींना सांगितला नव्हता. एका भांड्यात होईल असं काहीतरी सांग. पाणी जपून वापरावं लागायचं, भांडी घासायला कमी हवी होती. मी मुगाच्या डाळीची खिचडी लिहून पाठवली. फोडणी, हळद, पाणी किती, झाकण कधी. हिंग त्याच्याकडे नव्हता.

"हिंगाशिवाय?"

"हिंगाशिवाय. आणि वर किसलेलं चीज."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "पण केली ना." आणि घराकडे वळून बघितलं. आतून बातम्यांचा आवाज येत होता. "ह्यांना साखरेचा डबा कुठला ते सांगलीत माहीत नाही, इथं कुठलं माहीत असणार. बँकेत तीनशे खाती तोंडपाठ होती."

पुढच्या प्रवासाचं काही फार नाही. ब्रूमला पौर्णिमेच्या सुमाराला भरती-ओहोटीच्या चिखलावर चंद्र उगवताना प्रकाशाच्या पायऱ्या दिसतात, त्याचे तिने साठ फोटो दाखवले, सगळे काळे. उलुरूचा खडक लांबूनच पाहिला. २०१९ पासून वर चढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, तिथल्या मूळ लोकांचं ते पवित्र स्थान. कूबर पेडीला ओपल खणणाऱ्यांची घरं जमिनीखाली, उन्हाळ्यात वर राहवत नाही म्हणून. तिथे तो ओपल घ्यायला निघाला होता, तिने घेऊ दिला नाही. टायर एकदा फुटला. बस.

"मुलीचं काय झालं?" हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं.

त्यांची मुलगी दोन उपनगरं सोडून राहते. ट्रेलरच्या मागे एक स्टिकर आहे, 'पोरांचा वारसा उडवतोय' अशा अर्थाचा. इथे अशा स्टिकरांचं कोणाला काही वाटत नाही, पण मुलीला लागला. पैशांपेक्षा तिला राग ह्याचा की आई मंगळवारी आणि गुरुवारी नातवंडं सांभाळायची, ते बंद झालं. पाळणाघराचा खर्च वाढला. ऑगस्टमध्ये ती माझ्या दारात येऊन विचारून गेली, कधी येणारेत काही म्हणाले का. मला महिना माहीत होता. मी म्हटलं, नाही बाई.

वहिनी कढीपत्त्याची पानं देठावरून ओरबाडून मुठीत गोळा करत होत्या.

"मंगळवार आणि गुरुवार," त्या म्हणाल्या. "दोनच दिवस?"

"दोनच."

"आणि त्यासाठी विचारायला आली?"

मी काही बोलले नाही. त्यांच्या सूनबाई माझ्याशी चांगल्या आहेत, आणि ह्या कुंपणाला दोन बाजू आहेत. बाळाने माझा चष्मा ओढला, तेवढ्यावर विषय बदलला.

मी सांगितलं की आता फेब्रुवारीत ते टास्मानियाला जाणारेत. जिलाँगहून जहाज सुटतं, गाडी आणि ट्रेलर दोन्ही पोटात घेतं, रात्रभराचा प्रवास. कचऱ्याचे डबे बाहेर काढायचं काम पुन्हा माझ्याकडे. मुलीला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही कुठे बोलू नका.

"मी कोणाला बोलणार? मला इंग्रजी कुठं येतं." मग जरा थांबून, "ताई, ते ट्रेलर ओढायला वेगळं लायसन लागतं?"

"नाही. साधं गाडीचं चालतं."

"असं." त्यांनी पानं पदरात टाकली. "मी सांगलीत लूना चालवायचे. गावभागातून गणपती मंदिरापर्यंत, पुढं भाजीची पिशवी आणि मागं हे."

"हे मागे?"

"मग! पडले नाहीत कधी." आणि बादलीवरून उतरता उतरता आवाज चढवून, "अहो, ऐकलं का, कुकर लावा जरा. डाळ भिजलीय. नाही, तो नाही, निळ्या झाकणाचा डबा!"